वाळूतला मासा

डॉर्कस हॅलेटच्या तोंडी लागायला क्राउडरच्या कारखान्यातलं कुणी धजत नसे. खुद्द मालक क्राउडर तिच्या पडवीत शिरायच्या आधी दोनदा खाकरायचा. बाई अंगाने काटकुळी, पण आवाज असा, की सेंट मार्टिन लेनवरचा मासेवाला तिने हाक मारली की गाडी आपोआप थांबवी आणि भावही आपणहून उतरवी. तिचं काम पाहिलं, की मात्र माणूस तिची सगळी बोलणी मुकाट्याने गिळायचा.

तिचं काम सावल्यांचं. लंडनच्या बड्या घरांना तेव्हा जुन्या रोमचं वेड लागलं होतं. ज्याला त्याला घरात कलश हवे, फुलांच्या माळा हव्या, सरळ नाकाच्या रोमन बायका हव्या, आणि त्या दगडात नव्हे, तर कपाटाच्या दारावर, लाकडात लाकूड बसवून. त्यासाठी होली नावाच्या झाडाचं पांढरंशुभ्र लाकूड पापुद्र्याइतकं पातळ चिरायचं, त्याची पानंफुलं कापायची आणि राखाडी रंगवलेल्या दुसऱ्या पापुद्र्यात ती अशी बसवायची की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. पण नुसतं कापलेलं पान चपटंच दिसतं. त्याला गोलाई यायची ती डॉर्कसच्या हातून. लोखंडी परातीत बारीक वाळू आणि खाली कोळसा. चिमट्यात पान धरून त्याची एक कड तापल्या वाळूत खुपसायची आणि नेमक्या क्षणी काढायची. कड तपकिरी होते, तो रंग आत आत फिका होत जातो, आणि बघता बघता पान वळतं.

वाळू फार तापली तर लाकूड नुसतं वरवर करपतं. पुढे कधी कुणी कपाट घासायला घेतलं की ती सावली भुशाबरोबर निघून जाते. "सावली मुरायला हवी," डॉर्कस नव्या बायकांना दटावायची, "नुसती चिकटून उपयोग नाही. चिकटलेलं काय, उद्या निघून जाईल." असं म्हणत ती त्यांच्या हातातला चिमटा हिसकावून घ्यायची आणि स्वतःच काम करून टाकायची. त्यामुळे तिच्या हाताखाली कुणी टिकत नसे.

तिचा नवरा जॅबेझ त्याच कारखान्यात कापणारा होता. कापणारे ज्या लाकडी घोडीवर टांग टाकून बसत, तिला सगळे गाढव म्हणत. पापुद्र्यांची चळत त्या गाढवाच्या जबड्यात पकडायची, वर चित्राचा कागद चिकटवायचा आणि दोऱ्यासारख्या करवतीने सगळे थर एकदम कापायचे. जॅबेझ भारी कापायचा. बोलायचा मात्र नाही. "हॅलेट गाढवावर बसला की बोलत नाही," म्हातारा टिकेल म्हणायचा, "आणि उतरला की त्याहून बोलत नाही." हा टिकेल कोरक्या. लाकडी चेहरे दारावर चिकटून झाले, की कोरणीने त्यांना डोळे, ओठ, केसांच्या बटा काढायच्या आणि त्या रेघांत काळं भरायचं, हे त्याचं काम. तो येईपर्यंत क्राउडरच्या सगळ्या रोमन बायका आंधळ्या असत.

हॅलेट नवराबायको पडवीवरच्या खोलीतच राहायची. उशिरा झालेली एकच मुलगी, थर्झा. सकाळी कोळसा पेटायच्या आधी ती जिन्यावरून थेट परातीपाशी धावायची आणि गार वाळूत बोटाने मासे काढायची. दुसरं काहीच नाही, फक्त मासे. मोठी शेपूट, त्यावर रेघा. "झाले का तुझे मासे पकडून?" म्हणत डॉर्कस ते पुसायची आणि विस्तव पेटवायची. मग थर्झा ओरडायची, की मी मोठी झाले की पुसू देणार नाही. पाच वर्षांची असताना हिवाळ्यात तिला घशाचा आजार झाला आणि ती गेली.

त्यानंतर जॅबेझने मुलीचं नाव घेतलं नाही. एकदाही नाही. पडवीतून जाताना तो वाळूच्या परातीला वळसा घालून जायचा. डॉर्कसने रडून पाहिलं, भांडून पाहिलं. "अरे, तुझी कुणी नव्हती का ती? नाव घेतलंस तर जीभ झडेल का तुझी?" तो बूट घालून खाली जायचा, आणि थोड्या वेळाने गाढवावरची करवत ऐकू यायची. दगडाशी संसार मांडलाय आपण, असं तिने मनाशी धरलं. आठवण ठेवायची ती आपण एकटीनेच.

आणि एका सकाळी वाळूत मासा दिसला.

जॅबेझ नेहमीसारखा बादली घेऊन पंपावर पाणी भरायला गेला होता. डॉर्कस खाली उतरली. रात्री सपाट करून ठेवलेल्या वाळूत दोन वाकड्या रेघा होत्या. एका टोकाला जुळलेल्या, दुसरीकडे उघड्या, आणि त्या उघड्या बाजूला एक ठिपका. मासाच, पण घाईघाईत काढलेला. ठिपका भलत्याच जागी, आणि शेपूट काढायची राहिलेली. डॉर्कस परातीची कड धरून खाली बसली. शेपूट काढायलाही वेळ नसेल दिला पोरीला, असं तिच्या मनात आलं, आणि कुणी दिला नसेल हे विचारायची तिची छाती झाली नाही.

गल्लीत बादलीचा आवाज आला. तिने झटकन तळहाताने वाळू सपाट केली आणि पावलं न वाजवता वर जाऊन अंथरुणात पडली. जॅबेझला कळू द्यायचं नव्हतं. तो हसला असता, नाहीतर पाद्रीबाबाला घेऊन आला असता. किंवा काहीच बोलला नसता, आणि तेच तिला सोसवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मासा. तिसऱ्या दिवशीही. कधी लांबट, कधी फुगीर, कधी ठिपका वर सरकलेला. जॅबेझ पाण्याला गेला की ती उतरायची, वाकून बघायची, "आज सकाळी फार गारठा होता गं, पायात काही घातलंस का?" असं कुजबुजायची आणि बादली वाजायच्या आत पुसून वर पळायची. कधी वाकलेली असताना मागच्या जिन्याची पायरी करकरायची आणि तिच्या मानेवरचे केस उभे राहायचे. ती वळून बघत नसे. बघितलं तर पोर यायची थांबेल, अशी तिची खात्री होती. पहाटे जागं राहून पाळत ठेवायचा विचारही तिने याच भीतीने सोडला. तिला भीती वाटायची आणि आनंदही व्हायचा, आणि दोन्हींतलं खरं कुठलं हे तिला सांगता आलं नसतं. कबरीवर जाणं तिने बंद केलं. जी घरी येते तिला भेटायला तिकडे कशाला जायचं?

कारखान्यात लोक चकित झाले. बाईचा आवाज उतरला होता. "हॅलेटबाई आजारी आहेत का?" मालकाने टिकेलला हळूच विचारलं.

त्याच सुमारास विल्टशायरच्या रेव्हनहिल बाईंचं काम आलं. दोन अर्धगोल कपाटं, जोडीची, दोन खिडक्यांमधल्या भिंतींसाठी. प्रत्येकाच्या दारावर लंबगोलात एक चेहरा, बाजूने दिसणारा, दोन्ही एकमेकांकडे बघणारे. पहिली रोमन बाई जॅबेझने कापली, डॉर्कसने तिला सावल्या दिल्या, टिकेलने डोळा काढला, आणि मालक खूश होऊन दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या मागे बाथ गावाला निघून गेला. दुसऱ्या चेहऱ्यासाठी जॅबेझने बराच वेळ घेतला. कागदावर काहीतरी काढायचा, फाडायचा. डॉर्कसने लक्ष दिलं नाही. तिचं लक्ष वाळूत होतं.

एका सकाळचा मासा वेगळा होता. रेघा इतक्या साफ, आणि ठिपका असा बसलेला, की तो मासा आपल्याकडे बघतोय असं तिला वाटलं. तो पुसायला हात होईना. ती नुसती बघत बसली. पण बादली वाजली, आणि तिने पुसला. त्याच दिवशी दुपारी जॅबेझने चेहऱ्याची चळत कापून पुरी केली, करवत खुंटीला अडकवली आणि गाढवावर बसल्या बसल्या पुढे झुकला. लोकांना वाटलं खोकतोय. लाकडाच्या भुशाने छाती खाल्लेली होतीच. उचलायला गेले तेव्हा संपलेला होता.

त्याला अंघोळ डॉर्कसने घातली. उजव्या हाताच्या बोटाच्या नखात वाळू अडकली होती. तिने ती टाचणीने काढली. आपल्या घरात वाळू कशात नसते, भाकरीतसुद्धा असते, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि गेलं.

पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी वाळू सपाट होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. डॉर्कस वाट बघत राहिली. आता तिला कुणापासून लपवायचं नव्हतं, बादलीची भीती नव्हती, ती पडवीतच अंथरूण टाकून निजायला लागली. मासा आला नाही. मग ती जॅबेझवर भडकली. रिकाम्या खोलीत ओरडून बोलली, "जाताना पोरीलाही घेऊन गेलास! जिवंतपणी एकदा नाव घेतलं नाहीस, आणि आता सगळी तुलाच हवी का?"

उसवलेली बाही टाचायला म्हणून तिने ॲप्रनला खोचलेली टाचणी काढली, आणि टाचणी बघता बघता तिला ते नख आठवलं. जो माणूस परातीला वळसा घालून जायचा, त्याच्या नखात वाळू कुठली?

मुलगी कधी आलीच नव्हती. पाण्याला जायच्या आधी हाच बोट घालत होता वाळूत. का? आपल्याला वेडं करायला? की गप्प बसवायला, तान्ह्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं? आपण त्या रेघांशी बोलत होतो हे त्याने ऐकलं असेल का, या विचाराने तिचे कान तापले. थर्झा मेली त्या दिवशीही ती इतकी एकटी पडली नव्हती. "थट्टा केलीस माझी," ती म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात जोर नव्हता.

मालक बाथहून परतला तो घाईतच. गाडी ठरलेली होती. मेलेल्या कापणाऱ्याची चळत त्याच्या घरच्याच माणसाने उकलायची, असा त्या कारखान्याचा रिवाज होता. परक्याने उकलली तर तुकडे जागेवर बसत नाहीत म्हणायचे. तेव्हा जॅबेझची चळत डॉर्कसपुढे आली. वरचा चित्राचा कागद भुशाने आणि सरसाने माखून गेला होता. तिने तो न बघताच सोलून विस्तवात टाकला. थर सुटे केले, गालाच्या, मानेच्या, केसांच्या तुकड्यांना वाळूत धरलं आणि सावल्या दिल्या. हात आपोआप चालत होते. मग चित्र जुळवलं, पण ते नेहमी पालथंच जुळवायचं असतं. पुढची बाजू कागदाला चिकटवायची, आणि करणाऱ्याला शेवटपर्यंत फक्त पाठ दिसते. कान जरा लहान आहे, एवढं तिला जाणवलं. असतील रोमन बायकांचे कान लहान.

ते दारावर सरसाने बसलं, दाबाखाली राहिलं, आणि सुकल्यावर डॉर्कसने कोमट पाण्याचं फडकं फिरवून वरचा कागद भिजवायला घेतला. कागद पारदर्शक व्हायला लागला. आधी हनुवटी आली. मग वरचा ओठ, पुढच्या दातामुळे जरासा पुढे आलेला. मानेवर एक बट, जी कितीही विंचरली तरी बाहेर यायचीच. डॉर्कसने फडकं टाकलं आणि दोन्ही हातांनी कागद ओरबाडून काढला.

थर्झा होती. तिच्या कडेने सावल्या होत्या, त्या डॉर्कसने स्वतः दिलेल्या. फक्त डोळा नव्हता. तिथे नुसतं गुळगुळीत पांढरं लाकूड होतं.

मालकाने दोन्ही कपाटं शेजारी ठेवून पाहिली. "हे काय? एकीकडे रोमची राणी आणि दुसरीकडे कुणाची तरी शेंबडी पोर!" त्याने थर्झाकडे कधी नीट पाहिलं नव्हतं, त्याला ओळखू येणं शक्य नव्हतं. "आता वेळ नाही. टिकेल, त्या राणीचा डोळा जसाच्या तसा हिला काढ, म्हणजे जोडी दिसेल. उद्या गाडी आहे."

टिकेल कोरणी घेऊन आला, तर डॉर्कस दारासमोर उभी. हातात चिमटा.

"बाजूला हो, डॉर्कस."

"तुझा तो ठरलेला डोळा हिला काढायचा नाही."

"बरं, मग कसला काढू? मालकाचा काढू?"

"म्हातारबा, थट्टा नको. माझी पोर आहे ती."

टिकेलने वाकून बघितलं. मग कोरणी खाली ठेवली, टोपी काढली आणि बाकावर बसला. "हो की," तो म्हणाला. "जमवलंन म्हणायचं शेवटी. सांग मग कसा होता डोळा. तू सांगशील तसा काढतो. मालकाला मी बघून घेतो."

डॉर्कसने तोंड उघडलं. तिला थर्झाची नखं आठवत होती, पाठीवरचा तीळ आठवत होता, मासेवाल्याला वेडावताना काढलेला आवाज आठवत होता. डोळा आठवेना. डोळ्यापाशी गेलं की तिला तो एकच दिसायचा, शेवटचा, जो तिने स्वतःच्या बोटाने मिटवला होता. "आठवत नाही," ती म्हणाली. "टिकेल, मला आठवत नाही रे! मी त्याला दगड म्हणत होते, आणि मलाच आठवत नाही."

"त्याला तरी कुठे आठवत होता? वसंतात माझ्याकडे आला. एवढी वर्षं शेजारी बसायचा, पहिल्यांदा आपणहून बोलला. म्हणाला, बाजूने दिसणारा डोळा कसा काढायचा ते शिकव. मी म्हटलं, सोपं आहे, दोन रेघा, मागे जुळलेल्या, पुढे उघड्या, आणि उघड्या बाजूला बुबुळ. लाकडावर नको शिकू, खराब होईल. तुझ्या बायकोकडे वाळू आहे, तिच्यात काढून बघ रोज, आठवेल."

डॉर्कस परातीकडे बघत होती.

"रोज येऊन सांगायचा," टिकेल पुढे बोलला. "आज नाही जमला, आज जरा जवळ गेला. आणि एक चमत्कारिकच सांगायचा. पाणी भरून येईपर्यंत कुणीतरी तो पुसून ठेवतं म्हणायचा. वाळू अशी सपाट, की काढलाच नव्हता. मी म्हटलं बायको पुसत असेल. तर म्हणे नाही, ती तर वर झोपलेली असते, आणि तिला हे कळताही कामा नये, तिचं दुःख उकरून निघेल. मग म्हणाला, पोरीलाच पसंत पडत नसेल, तीच पुसत असेल. माझ्या अंगावर काटा आला, पण तो हसत होता गं. जॅबेझ हसत होता."

डॉर्कसने जिन्याकडे पाहिलं.

"गेला त्या दिवशी सकाळीही आला होता. म्हणाला, आज जमला, टिकेल, अगदी तिचाच डोळा. तुला दाखवायला आणणार होतो, पण परातीपाशी परत जातो तर पुसलेला. जरा खट्टू झाला होता. आज तरी तिने पुसायला नको होता, म्हणाला."

डॉर्कसचा चिमटा खाली पडला. ती परातीपाशी गेली, गार वाळू तळहाताने सपाट केली आणि बोट टेकवलं. एक रेघ, दुसरी रेघ, मागे जुळलेल्या. उघड्या बाजूला ठिपका. शेपूट नसलेला मासा. शेवटच्या दिवशीचा, पुसायला हात होत नव्हता तो. तिचं बोट कुठेही अडलं नाही. टिकेलने वाकून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि कोरणी उचलली. त्याने रेघा कोरल्या, काळं भरलं, पुसलं. थर्झाने समोरच्या रोमन राणीकडे पाहिलं. मासेवाल्याला वेडावण्याआधी जशी बघायची, तशी.

गाडी आली आणि दोन्ही कपाटं घोंगड्यांत गुंडाळून विल्टशायरला गेली. डॉर्कस गल्लीच्या तोंडापर्यंत मागोमाग चालली. "हळू ने रे, मेल्या," असं ती गाडीवाल्यावर खेकसली, आणि कारखान्यातल्या सगळ्यांना बरं वाटलं.

संध्याकाळी तिने विस्तव विझवला. वाळू निवल्यावर ती सपाट केली आणि तिच्यात एक मासा काढला. सकाळी उठून पाण्याची बादली उचलली. आता पाणी भरायला तीच जायची. जिन्यावरून उतरताना तिने मुद्दाम बादली वाजवली. पंपावर गर्दी नव्हती, तरी ती थांबून राहिली, दोन बायकांना पुढे सोडलं, उगाचच भाव विचारत मासेवाल्याशी बोलली. मग परतली. गल्लीत शिरल्यावर पुन्हा बादली वाजवली, आणि आत कुणाला वर पळायला वेळ मिळावा म्हणून दारात जरा उभी राहिली.

आत गेली, तर मासा होता तसाच होता. तो कुणीही पुसला नव्हता.